किल्ली हाती, तरी कुलूप बंद

(आखाडा बाळापूर येथील शिक्षकांच्या केंद्रसंमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेचा कार्यभार एका मुख्याध्यापकाकडून दुसऱ्याकडे जातो त्या दिवशी कपाटांच्या किल्ल्या, दाखलखारीज रजिस्टर, जडवस्तुसंग्रहाची वही व रोकडवही यांची यादी होते आणि खाली उभयतांच्या सह्या होतात. ही पद्धत जुनी आहे व चांगली आहे. अलीकडे या यादीत एका नव्या बाबीची भर पडावयास हवी. परंतु पुष्कळदा ती राहून जाते. ही बाब म्हणजे शाळेच्या मुख्य संगणकावरील, अर्थात सर्व्हरवरील, प्रशासकाचा अधिकार होय.

ती राहून गेल्याने काय होते, याचे एक उदाहरण कल्पून पाहावे. आखाडा बाळापूरच्या परिसरातील एखाद्या गावाहून ऊसतोडीसाठी एक कुटुंब निघाले आहे. मुलाचे नाव तिकडच्या शाळेत घालावयाचे म्हणून बाप सकाळीच शाळा सोडल्याचा दाखला मागावयास येतो. मुख्याध्यापक बदलून नुकतेच आलेले. दाखल्यांचे फोल्डर सर्व्हरवर आहे, खाते प्रशासकाचे आहे, पासवर्डही बरोबर आहे. तरी पडद्यावर 'प्रवेश नाकारला' एवढीच अक्षरे उमटतात. किल्ली हाती आहे, पण कुलूप उघडत नाही.

अशा वेळी पहिले कर्तव्य मुलाचे, दुसरे संगणकाचे. 2009 च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याच्या 5 व्या कलमानुसार मुख्याध्यापकाने असा दाखला तात्काळ द्यावयाचा असतो, आणि दाखल्यास उशीर झाला या कारणाने दुसऱ्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही. दाखलखारीज रजिस्टर कपाटात आहे. त्यावरून दाखला हाताने लिहून द्यावा, बापास मार्गस्थ करावे, आणि मग निवांतपणे सर्व्हरकडे वळावे.

आता शोध कसा करावा? रुग्णास तपासल्यावाचून औषध देणारा वैद्य जसा, तसा कारण न शोधता बटणे दाबणारा प्रशासक. प्रथम पडद्यावरील संदेश जसाच्या तसा वहीत उतरून घ्यावा. कोणत्या खात्याने, कोणत्या संगणकावरून, कोणते फोल्डर उघडले, हेही लिहावे. निम्मा उलगडा बहुधा येथेच होतो.

दुसरे, ओळख तपासावी. वर्गातील संगणकावरील प्रशासक आणि सर्व्हरवरील प्रशासक यांचे नाव एकच असले तरी ती दोन स्वतंत्र खाती असू शकतात. संगणक खात्यास नावाने ओळखत नाही. त्यास दिलेल्या अंतर्गत क्रमांकाने ओळखतो. जुने खाते पुसून त्याच नावाचे नवे केले तर क्रमांक बदलतो, आणि जुन्या परवानग्या नव्या खात्यास लागू होत नाहीत. दोन विद्यार्थ्यांचे नाव एकच असले तरी त्यांचे रजिस्टर क्रमांक भिन्न असतात, तसेच हे आहे.

तिसरे, दरवाजे मोजावेत. विंडोज प्रणालीत जालावरून फोल्डरकडे जाताना दोन दरवाजे लागतात: एक सामायिक केलेल्या फोल्डरच्या परवानगीचा, दुसरा खुद्द फाइलींच्या परवानगीचा. दोहोंपैकी जो अधिक कडक, त्याचाच हुकूम चालतो. तेच फोल्डर सर्व्हरपुढे बसून उघडते आणि दुसऱ्या संगणकावरून उघडत नाही, तर बहुधा पहिला दरवाजा बंद समजावा. दोन्हीकडून उघडत नसेल, तर दुसरा तपासावा. एखाद्या गटास स्पष्ट मनाई लिहिलेली असेल आणि प्रशासकाचे खाते त्या गटात असेल, तर सामान्यतः परवानगीपेक्षा मनाईच वरचढ ठरते.

चौथे, अधिकार प्रत्यक्ष जागा आहे की झोपलेला, हे पाहावे. 2007 साली विंडोज व्हिस्टा आल्यापासून प्रशासकही एरवी साध्या वापरकर्त्याच्याच अधिकाराने काम करतो. विशेष कामापूर्वी संगणक त्याची संमती विचारतो. जालावरून येणाऱ्या स्थानिक प्रशासकास तर पुष्कळदा साधाच अधिकार मिळतो. तसेच, एखाद्यास नव्या गटात घातले तरी तो एकदा बाहेर पडून पुन्हा आत आल्यावाचून नवा अधिकार त्यास लागू होत नाही.

पाचवे, मालकी. पूर्वीच्या मुख्याध्यापकांच्या खात्याने निर्माण झालेल्या फाइली त्याच खात्याच्या मालकीच्या राहतात, आणि परवानगीही केवळ त्याच खात्यास दिलेली असू शकते. कल्पिलेल्या शाळेत दोष येथेच होता. प्रशासकास अशा फाइलींची मालकी स्वतःकडे घेऊन मग परवानगी लिहिता येते. परंतु त्यापूर्वी असलेल्या परवानग्यांची नोंद करावी, फाइलींची दुसरी प्रत सुरक्षित असल्याची खात्री करावी, आणि दिनांकासह वहीत सही करावी.

येथे एक मोह आवरला पाहिजे. वैतागलेला मनुष्य 'सर्वांना सर्व अधिकार' असे लिहून मोकळा होतो. काम त्या क्षणी होते. पण त्या दिवसापासून विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा कोणीही बदलू शकतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात 1960 नंतरच्या दशकात सामायिक संगणकावर एकदा दोन फाइलींची अदलाबदल झाली, आणि सर्व वापरकर्त्यांचे पासवर्ड आत येणाऱ्या प्रत्येकास दिसू लागले. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. 1975 मध्ये सॉल्टझर व श्रोडर या शास्त्रज्ञांनी नियम मांडला, तो असा की, प्रत्येकास त्याच्या कामापुरताच अधिकार असावा, अधिक नसावा.

हा नियम शिक्षकास परका नाही. दाखलखारीज रजिस्टर मुख्याध्यापकाच्या ताब्यात असते, तरी त्यातील जन्मतारीख त्यास स्वतःच्या मर्जीने बदलता येत नाही. वरिष्ठांची मंजुरी लागते. 1961 च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमानेही तालुका व जिल्हा यांची कामे वाटून दिली. यू-डायस प्लसमध्ये शाळा, तालुका व जिल्हा यांची खाती निरनिराळी आहेत. खालच्या पायरीवरील बंधनास अविश्वास मानण्याचे कारण नाही. जे आपल्या अधिकारात नाही, ते वरच्या पायरीकडे लेखी मागावे. दुसऱ्याचा पासवर्ड मागू नये व आपला देऊ नये.

म्हणून पुढील बदल्यांच्या वेळी कार्यभाराच्या यादीत चार ओळी अवश्य लिहाव्यात: सर्व्हरवर कोणती खाती आहेत, कोणास कोणता अधिकार आहे, महत्त्वाची फोल्डरे कोणाच्या मालकीची आहेत, आणि दुसरी प्रत कोठे ठेवली आहे. पासवर्ड यादीत लिहू नये. नव्या मुख्याध्यापकाचे खाते स्वतंत्र उघडावे, त्यास परवानग्या देऊन त्या त्याच्याच हातून पडताळाव्यात, आणि मगच जुने खाते बंद करावे.

एवढे केले तर दाखल्यासाठी दारात उभ्या राहिलेल्या बापास 'संगणक उघडत नाही' हे उत्तर ऐकावे लागणार नाही. शाळेचे दफ्तर कागदावर असो वा सर्व्हरवर, ते अखेर त्या मुलासाठीच आहे.