मूठभर नमुना, बंडीभर माल



शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. घरची माय एक शीत चेपून पाहते आणि भात शिजला की नाही ते सांगते. एका शितावर भागते, कारण भात एकाच भांड्यात, एकाच आंचेवर शिजलेला असतो.

आता कापसाची बंडी घ्या. तिच्यात पहिल्या वेच्याचा पांढरा कापूस असतो आणि शेवटच्या वेच्याची कवडीही असते. वरचा कापूस उन्हाने सुकतो, तळाचा ओला राहतो. हा माल भातासारखा एकसारखा नाही. मग वरची एक मूठ पाहून साऱ्या बंडीचा भाव कसा ठरवायचा?

पण सगळी बंडी उपसून कोण पाहणार? हिंगणघाट असो की आर्वी, बाजारात नमुना घ्यावाच लागतो. हमीभावाच्या खरेदीत 8 टक्क्यांपर्यंत ओल चालते. 8 ते 12 टक्के निघाली तर भाव कापतात. 12 च्या वर गेली तर कापूस परत! म्हणजे मूठ कुठून उचलली, यावर वर्षाची कमाई ठरते. म्हणून नमुन्याचे तीन नियम ध्यानात ठेवा.

पहिला नियम : सगळीकडून घ्या. वरून, मधून, तळातून आणि चारी बाजूंनी.

दुसरा नियम : निवडून घेऊ नका. विकणारा चांगली मूठ दाखवतो, घेणारा वाईट मूठ शोधतो. दोन्ही नमुने खोटेच. जिनिंगमधून रुईच्या गठाणी गिरणीला जातात. एक गठाण 170 किलोची. अशा 100 गठाणी तपासायच्या असतील, तर त्यांना नंबर घालावे, चिठ्ठ्या टाकाव्या आणि ज्याची चिठ्ठी निघेल ती गठाण उघडावी. पिकाचा अंदाजही असाच काढतात. पूर्वी तो नुसत्या नजरेने होई. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी 1911 साली जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी तो शास्त्रशुद्ध करण्यासाठी मोठे काम केले. सोयीचे शेत न निवडता, चिठ्ठी टाकल्यासारखे जे शेत निघेल त्यातले पीक कापून मोजायचे, अशी ही रीत.

तिसरा नियम : पुरेसा घ्या. हे घरी करून पाहा. तुरीचे 100 दाणे घ्या. त्यांतल्या 5 दाण्यांना शाई लावा. सगळे पिशवीत टाकून हलवा. डोळे मिटून 10 दाणे काढा, पाहा आणि परत टाका. असे 100 वेळा केले, तर सुमारे 58 वेळा शाईचा एकही दाणा हाती येणार नाही! 20 दाणे काढले, तर सुमारे 32 वेळाच असे होईल. गठाणींचेही तसेच. 100 गठाणींत 5 खराब असल्या आणि 10 च उघडल्या, तर खराब माल बहुधा निसटून जातो. नमुना जितका मोठा, तितका धोका कमी. अमेरिकेत तर प्रत्येक गठाणीच्या दोन्ही बाजूंनी नमुना काढतात.

हा धोका लहान नाही. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटच्या कापसाचे नाव इंग्लंडात लिव्हरपूलच्या बाजारापर्यंत गेले होते. त्याच काळात कापसातली भेसळ इतकी वाढली, की मुंबई इलाख्यात 1863 साली तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. भेसळ एकजण करतो, पण भाव साऱ्या मुलखाच्या कापसाचा पडतो.

तेव्हा मंडळी, वेचे वेगळे ठेवा. ओला कापूस तळाशी दडवू नका. तो सापडला की चांगल्या कापसाचाही भाव जातो. आणि नमुना घेताना बंडीजवळ उभे राहा. कोणी एकाच जागची मूठ उचलली, तर नम्रपणे पण ठासून सांगा, "भाऊ, चार ठिकाणचा घ्या, आणि आकडा मला दाखवा." आता तुम्हांला आकडे वाचता येतात. तो आकडा स्वतः वाचा.