मग पुढे काय झालं?



मोठ्या संकटात माणूस शांत असतो, असा माझा अनुभव आहे. दोन दिवस नळाला पाणी आलं नाही तर आपण निमूटपणे बादल्या घेऊन टँकरपुढे उभे राहतो. पण तोंडाला साबण लावलेला असताना दाराची बेल वाजली, तसंच टॉवेल गुंडाळून दार उघडलं आणि बाहेरच्या गृहस्थांनी "कुलकर्णी इथंच राहतात का?" असं विचारलं, की आपल्यातला संत क्षणात नाहीसा होतो. कुलकर्णी वरच्या मजल्यावर राहतात. खाली पाटी आहे. पण पाटी वाचायची नाही, बेल वाजवायची.

माझ्याकडे अशा बारीकसारीक वैतागांची यादी आहे. वीस रुपयांच्या कामाला पाचशेची नोट काढणारे, दुसऱ्याच्या वर्तमानपत्रातलं शब्दकोडं पेनाने सोडवणारे, "पाचच मिनिटांत निघतो" असं अंथरुणातून फोनवर सांगणारे. पण या यादीत पहिला नंबर मी एकाच जातीच्या माणसांना दिलेला आहे. ती म्हणजे गोष्टीत मोडता घालणारी माणसं.

यांचे दोन प्रकार. पहिला, शेवट सांगणारा. रहस्यकथा हातात दिसली की हा लांबूनच म्हणतो, "छान आहे हो! शेवटपर्यंत कळत नाही, त्या डॉक्टरनेच केलंय ते." दुसरा प्रकार म्हणजे प्रश्न विचारणारा. सिनेमा सुरू होऊन अर्धा तास झालेला असतो. हा पॉपकॉर्न घेऊन येतो, चार जणांचे पाय तुडवून बसतो आणि विचारतो, "ही कोण? आणि ही रडतेय का?"

या लोकांचा इतका राग का येतो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एखादी गोष्ट आवडली की ती आपल्याला आपली वाटू लागते. लिहिणारा कुणी का असेना, सातबारा आपल्या नावावर. मग त्यात कुणी पाऊल टाकलं की बांध कोरल्यासारखं वाटतं. चाहता चाहता म्हणतात तो हाच. नुसतं आवडणं वेगळं आणि हक्क वाटणं वेगळं.

हा हक्क लेखकांना किती महागात पडतो पाहा. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल आपल्याच नायकाला कंटाळले होते. त्यांना ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या. 1891 मध्ये त्यांनी आपल्या आईला पत्र लिहून कळवलं, की या होम्सला आता संपवावं म्हणतो. आईने साफ विरोध केला. त्यामुळे होम्सला दोन वर्षांचं आयुष्य मिळालं. अखेर डिसेंबर 1893 मध्ये 'स्ट्रँड' मासिकात डॉयलनी त्याला स्वित्झर्लंडमधल्या रायशेनबाखच्या धबधब्यात ढकललं. वाचक खवळले, संतापाची पत्रं आली. डॉयलनी आठ वर्षं दाद दिली नाही. 1901 मध्ये होम्सची नवी कादंबरी सुरू केली, तीही तो मरण्यापूर्वीची हकिगत म्हणून. 1903 मध्ये मात्र त्यांना कबूल करावं लागलं, की होम्स त्या कड्यावरून पडलाच नव्हता. लेखकाने मारला, वाचकांनी जगवला.

आपणही काही कमी नाही. 'कुली'च्या चित्रीकरणात 1982 मध्ये अमिताभ बच्चनना जबर दुखापत झाली. देशभर लोकांनी देवळांत, मशिदींत, चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना केल्या. ते वाचले. आता पंचाईत अशी, की मूळ कथेत शेवटी नायक मरणार होता. ज्या माणसासाठी अख्ख्या देशाने देवाला साकडं घातलं, त्याला पडद्यावर मारायचं कसं? मनमोहन देसाईंनी शेवट बदलला. 1983 मध्ये चित्रपट आला, तेव्हा इक्बाल गोळ्या खाऊनही जिवंत राहिला. आणि ज्या मारामारीत ती दुखापत झाली, तिथे क्षणभर चित्र थांबवून पडद्यावर तशी सूचना दिली गेली. गोष्ट थांबवून "हे खरंच लागलं होतं बरं का" असं सांगणारा तो बहुधा आपल्याकडचा पहिलाच सिनेमा असावा, आणि त्याबद्दल कुणी कुरकुर केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

2000 साली सुरू झालेल्या 'क्योंकि सास भी कभी बहू थी' या मालिकेत मिहीर वारला, तेव्हा घराघरांत सुतक पाळल्यासारखं वातावरण होतं. प्रेक्षकांनी असा गहजब केला, की मिहीरला परत यावं लागलं. पुढे ती मालिका 2008 मध्ये संपली आणि 2025 मध्ये नव्याने सुरूही झाली. मालिकेत मरण कायमचं नसतं, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

यावर कुणी म्हणेल, लोकांना गोड शेवट हवा असतो, एवढंच. मला तसं वाटत नाही. 1975 सालचा 'शोले' घ्या. त्यात जय मरतो, हे पहिल्या काही दिवसांतच सगळ्यांना कळलं असणार. तरी मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. त्याच्या संवादांची ध्वनिमुद्रिका निघाली. आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या मांडवात ती लागायची आणि पोरंटोरं गब्बरच्या आधी गब्बरचं वाक्य म्हणायची. दूरदर्शनवरचं 'रामायण' तर विचारूच नका. 25 जानेवारी 1987 पासून 31 जुलै 1988 पर्यंत रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे. रावणाचं काय होणार, हे ज्याला माहीत नव्हतं असा एक तरी माणूस त्या प्रेक्षकांत होता का? मग लोक कशासाठी बसत होते?

याचं उत्तर मला माझ्या आईने दिलं. कसं, ते सांगतो.

आई रेडिओवर वाढलेली. मुंबई आकाशवाणीवरचं 'पुन्हा प्रपंच' म्हणजे तिचा जीव की प्राण. पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी. त्या कार्यक्रमात घडायचं काय? तर आपल्याच घरातले वैताग. महागाई, बसची रांग, न येणारी मोलकरीण, अचानक टपकणारे पाहुणे. त्या तिघांचे चेहरे तिने पाहिलेले नव्हते, पण वर्णन असं करायची की शेजारीच राहतात. "मीनावहिनींचा आवाज आज बसलाय, पावसात भिजल्या असतील," असं ती आमटीला फोडणी देता देता म्हणायची.

2006 च्या सुमारास काचबिंदूने तिची दृष्टी जवळजवळ गेली. तेव्हा आम्ही साताऱ्याला राहत होतो. रात्री एक मराठी मालिका लागायची, तिचं नाव मुद्दाम सांगत नाही. आईला ती आवडायची. पण मालिका काही कानांसाठी लिहिलेली नसते. कुणी तरी "काय?" असं ओरडतं, मग ढग गडगडल्यासारखं संगीत आणि दोन मिनिटं नुसते चेहरे. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. की आई विचारणार, "कोण आलं रे? आता सगळे गप्प का?"

म्हणजे मी ज्या प्रकारच्या माणसांवर वैतागायचो, त्यांतला अस्सल नमुना माझ्याच घरात, माझ्याच शेजारी बसलेला. मी तुटकपणे सांगायचो. "थोरली आली." "धाकटा गेला." "काही नाही, नुसते बघतायत." बाळ ज. पंडित क्रिकेटचं समालोचन करायचे, तेव्हा मैदानावरचं गवतसुद्धा डोळ्यांपुढे उभं राहायचं. माझं समालोचन म्हणजे पोस्टातली तार.

ते दिवस भारनियमनाचे होते. एका रात्री नेमकी मालिकेच्या वेळी वीज गेली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं, की त्या भागात मालिकेतले आजोबा वारले. हे आजोबा आईचे विशेष लाडके. त्यांचं खाकरणं, काठीचा आवाज, सुनांवर न चिडता बोलणं, सगळं तिला आवडायचं. घरी आल्या आल्या तिने विचारलं, "काल काय झालं रे? कळलं का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "विशेष काही नाही. आजोबा कोकणात गेले."

श्रोतेहो, खोटं एकदा बोलणं सोपं असतं, पण त्याला रोज जेवू घालावं लागतं. त्या रात्रीच्या भागात घरभर रडारड. आई म्हणाली, "हे काय?" मी म्हणालो, "घर सुनं झालंय ना त्यांच्यावाचून." भिंतीवर आजोबांचा हार घातलेला फोटो होता, तो तिला दिसत नव्हता हे माझं नशीब. चौथ्या दिवशी मी कोकणातून त्यांचं पत्र आणवलं. खळ्यात मांडव घातलाय, फणस लागलेत, गुडघा बरा आहे. आठव्या दिवशी त्यांनी धाकटीसाठी आमसुलं पाठवली. पडद्यावर एक मालिका चालली होती आणि शेजारी माझी दुसरी. आता मी पुढचं नीट ऐकायचो, कारण माझ्या गोष्टीशी ते जुळवून घ्यावं लागायचं. कोणी पदर कसा खोचला, कुणाचा हात पाण्याच्या तांब्यापाशी थबकला, हेही सांगायला लागलो होतो. आई विचारायची, "मग? पुढे?" आणि मला राग येत नव्हता, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

मग एके दिवशी समोरच्या वहिनी कोथिंबीर मागायला आल्या. शेवट सांगणाऱ्यांत त्यांचा हात कुणी धरला नसता. कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या, "आजोबा गेल्यापासून त्या मालिकेत काही राम राहिला नाही, नाही का हो आई?"

मी दारात गारठलो. आई शांतपणे म्हणाली, "हो ना. गेले बिचारे. पण आमच्याकडे अजून कोकणात आहेत."

वहिनी गेल्यावर मी विचारलं, "अगं, तुला ठाऊक होतं?"

"त्याच दिवशी. या वहिनींनीच दुपारी गॅलरीतून ओरडून सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"अरे, इतके दिवस तू नुसतं 'आली, गेला' करायचास. आजोबा कोकणात गेले आणि तू बोलायला लागलास. म्हटलं, बघू तरी पुढे काय होतंय."

त्या दिवशी मला माझी यादी पुन्हा तपासावी लागली. शेवट आधी कळला तर गोष्ट मरते, ही माझी समजूत खोटी ठरली होती. आईला शेवट ठाऊक होता. 'रामायणा'समोर बसणाऱ्यांनाही ठाऊक होता. आणि प्रश्न विचारणारा गोष्ट मोडतो, ही समजूत तर त्याहून खोटी. श्रावणात हातात अक्षता घेऊन कहाणी ऐकायची आपल्याकडे रीत आहे. आदितवारच्या कहाणीत तर कहाणी सांगायला कुणी ऐकणारा हवा, म्हणून गावभर शोध घेतला जातो. आपल्या बायाबापड्यांना हे कधीचं कळलं होतं. सांगणारा असून भागत नाही. "मग?" म्हणणारा मिळावा लागतो.

आता माझ्या सगळ्या तक्रारींचं निवारण झालं आहे. मालिका हवी तेव्हा मोबाइलवर बघता येते, थांबवता येते, मागे नेता येते. कुणी शेवट सांगायच्या आत एका रात्रीत सगळे भाग संपवता येतात. आमच्या घरात चार माणसं चार खोल्यांत, कानांत बोंडं घालून, चार गोष्टी बघत असतात. कुणी कुणाला "ही कोण?" असं विचारत नाही. घर अगदी शांत असतं, आणि हल्ली मला या शांततेचाच वैताग येतो. परवा नातीच्या खोलीत जाऊन बसलो आणि तिच्या पडद्याकडे बघून मुद्दाम विचारलं, "हा कोण गं? आणि ही रडतेय का?" तिने तोंड वेडंवाकडं केलं. पण एका कानातलं बोंड काढून माझ्या हातात दिलं.

आई 2011 मध्ये गेली. ती मालिका त्याच्या कितीतरी आधी संपली होती. तिचा शेवट काय झाला, ते मला आज आठवतही नाही. पण दवाखान्यात अखेरच्या दिवसांत एका संध्याकाळी मी तिच्या उशाशी बसलो होतो. बराच वेळ ती डोळे मिटून पडलेली. मला वाटलं, झोप लागली. मी उठायला लागलो, तशी हळूच म्हणाली, "आजोबांचं पत्र आलं का रे?"

मी परत बसलो. म्हटलं, "आजच आलंय." आणि वाचायला सुरुवात केली.