आजींची मनी आणि टोमॅटोची दोन कॅरेट

गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांच्या आजारांवर आपण या कार्यक्रमात बऱ्याचदा बोललो. आज मांजराबद्दल बोलायचंय. हसू नका. आम्हीही आधी हसलो होतो, म्हणून तिथूनच सांगायला सुरुवात करतो.

आमच्या एका गटात एक आजी आहेत. वय सत्तरीच्या पुढे. मुलगा-सून पुण्याला, घरात आजी आणि मनी. नातवाच्या बारशाच्या साली मनी घरात आली. नातू यंदा नववीत आहे, म्हणजे मनी चौदा वर्षांची. मांजर दहा-बारा वर्षांच्या पुढे गेलं की ते म्हातारं झालं असं समजायचं. भाद्रपदातल्या बैठकीत बचत गोळा झाली, कर्जाच्या मागण्या सुरू झाल्या. एकीला शेळी घ्यायची होती, एकीला मुलीची फी भरायची होती. आजी म्हणाल्या, "मला दीड हजार पायजेत. मनीला डाक्टरकडं न्यायचीया."

सगळ्या हसल्या. एक ताई म्हणाली, "आजी, शेळी दूध देती, करडू देती. मांजर काय देतंय?"

आजींनी शांतपणे विचारलं, "चौदा वर्सं माझ्या कणगीला उंदीर लागला न्हाई. ते कुणाच्या खात्यावर लिवलंय तुमी?"

बैठक गप्प झाली. कर्ज मंजूर झालं, १,५०० रुपये, दहा हप्ते. रजिस्टरात कारण लिहायचं होतं. सचिव ताईंनी 'पशुउपचार' लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं.

मनीला झालं काय होतं? ती वाळत चालली होती. पाठीचा कणा हाताला लागायचा. पाणी मात्र सारखं प्यायची, मोरीतलं, म्हशीच्या टाकीतलं, मिळेल तिथलं. लघवीही खूप. तोंडाला घाण वास. अंगावरचे केस चिकटलेले, कारण तिने स्वतःला चाटून साफ करणं सोडलं होतं. हे सगळं दोन-तीन महिने चाललं होतं. मांजर आजार लपवतं. गाय रवंथ थांबवते, शेळी कळपामागे राहते, आपल्याला लगेच कळतं. मांजर कोपऱ्यात जाऊन बसतं आणि आपण म्हणतो, वय झालं.

आता आमची चूक सांगतो. कर्ज मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी पोतं घेऊन आजींकडे गेलो. मनी तशी फटकळ. आजींशिवाय कुणाला अंगाला हात लावू द्यायची नाही. आम्ही तिला चुलीमागून ओढलं, मानेची कातडी धरून उचललं आणि पोत्यात कोंबलं. मांजरी पिलाला मानेला धरून नेते, म्हणून आपल्याला वाटतं तेच बरोबर. पण मोठ्या मांजराचं सगळं वजन त्या कातडीवर येतं, दुखतं, आणि ते आणखी बिथरतं. पोत्यातून तिने सचिव ताईंच्या अंगठ्यात दात रोवला. तरी आम्ही हट्टाने वडापच्या जीपमध्ये बसून गेलो. तिथे दारात दोन कुत्री, एक बैल, माणसांची गर्दी. पोतं उघडलं आणि मनी कपाटावर. ज्यांना दाखवायचं ते म्हणाले, "हिला कोण हात लावणार? न्या परत." त्यांचं वागणं आम्हाला आवडलं नाही, पण पोत्यात घालून तिला आम्हीच नेलं होतं. घरी आल्यावर मनी दोन दिवस माळ्यावरून खाली उतरली नाही.

चावल्याचं आधी सांगतो, कारण ते माणसाच्या जिवाचं आहे. मांजराचा दात सुईसारखा असतो. जखम बारीक दिसते पण खोल जाते आणि एका दिवसात हात सुजतो. शिवाय पिसाळण्याचा रोग फक्त कुत्र्यापासून होतो असं नाही, मांजरापासूनही होतो. मनीला कधी लस दिलेली नव्हती. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. सचिव ताई गेल्या, अंगठ्याच्या सुजेवर औषध मिळालं, आणि लसीसाठी त्यांना ठरलेल्या तारखांना पुन्हा जावं लागलं. एकही तारीख चुकवायची नसते.

दुसऱ्या वेळी आम्ही डोकं वापरलं. आधी मांजराला न नेता तालुक्याच्या एका डॉक्टरबाईंना भेटलो. मोबाईलवर मनीचं पाणी पिणं आणि चालणं याचा व्हिडिओ काढून नेला होता. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, "किडनीचं असावं, पण रक्त तपासल्याशिवाय बोलणार नाही. गुरुवारी दुपारी तीनला या, तेव्हा गर्दी नसते. फार भ्यायली तर प्रवासाआधी द्यायचं औषधही असतं, पण ते मी वजन बघून देईन. तुम्ही मनाने काही देऊ नका." मग मांजर न्यायचं कसं ते त्यांनी समजावून सांगितलं.

वजन आम्ही किराणा दुकानाच्या काट्यावर केलं. मनी टोपलीत झोपलेली असतानाच टोपली अलगद काट्यावर ठेवली, मग रिकाम्या टोपलीचं वजन वजा केलं. दोन किलो तीनशे ग्रॅम. आजी म्हणाल्या, एके काळी चार किलोची होती.

न्यायला पिंजरा कुठून आणायचा? शहरात त्यासाठी खास पेट्या मिळतात, महाग असतात. आमच्या गटातल्या एका ताईच्या शेतावर टोमॅटोची प्लास्टिकची कॅरेट पडून होती. दोन घेतली, धुऊन वाळवली, एकावर एक पालथं घालून तोंडाला तोंड लावलं. एका बाजूला सुतळीने बिजागरीसारखं बांधलं, दुसऱ्या बाजूची सुतळी सुटी ठेवली. हवा खेळते, मांजर दिसतं, आणि वरचं कॅरेट उचललं की डॉक्टरांना खालच्या कॅरेटमध्येच तपासता येतं. मांजराला ओढून बाहेर काढावं लागत नाही.

पण कॅरेट बनवलं आणि लगेच त्यात कोंबलं, असं करायचं नाही. पाच दिवस आधी ते मनी झोपायची त्या जागी उघडं ठेवलं. आत आजींच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घातला, कारण मांजराला घराचा वास ओळखीचा असतो. खाणं तिथेच द्यायला लागलो. पहिले दोन दिवस तिने मान वेळावली. तिसऱ्या दिवशी पुढचे दोन पाय आत. चौथ्या दिवशी आत झोपलेली.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. मांजराने दोन दिवस काहीच खाल्लं नाही, तर अशी तयारी करत बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा. उपाशी राहिलं की मांजराचं लिव्हर लवकर बिघडतं. मनी थोडं का होईना खात होती, म्हणून आम्हाला थांबता आलं.

गुरुवारी खोलीचं दार लावून घेतलं. आत फक्त आजी आणि आमच्यातली एक, बाकीच्या बाहेर. पाठलाग नाही, आरडाओरडा नाही. मनी कॅरेटमधून उठून निघालीच, तेव्हा आजींनी जाडसर टॉवेल तिच्यावर टाकला आणि बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं पाय आत घेऊन गुंडाळलं. मग मागची बाजू आधी कॅरेटमध्ये. तोंड आधी घातलं तर मांजर पाय पसरून अडकतं. वरून चादर टाकली. अंधारात ते शांत होतं. जीपमध्ये कॅरेट मांडीवर, दवाखान्यात बाकावर. खाली जमिनीवर ठेवायचं नाही, कुत्रं हुंगायला येतं.

डॉक्टरबाईंनी वरचं कॅरेट काढलं, डोक्यावर टॉवेल तसाच ठेवला, मागच्या पायातून रक्त घेतलं. मनी गुरगुरली, पण चावली नाही. रिपोर्ट आला, किडनी खराब, शिवाय एक दात किडलेला. माणसाच्या किडनीला जी क्रिएटिनिनची तपासणी करतात तीच मांजरालाही करतात. बाईंनी स्पष्ट सांगितलं, हे बरं होणारं नाही, पण तिचे दिवस बरे जातील. कातडीखाली सलाईन द्यायचं. शिरेत नाही, खांद्यामागच्या सैल कातडीखाली. ते घरीही देता येतं, आणि त्यांनी शेजारच्या सुनेला दोनदा समोर करवून शिकवलं. मनी कॅरेटमध्ये बसून उकडलेल्या कोंबडीचा रस चाटायची, तोवर सलाईन जायचं. खारी सुकट बंद, ती तिची फार आवडती होती. दूधही बंद. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. आजींना हे काही पटलं नाही. एक चमचा त्या द्यायच्याच, असा आम्हाला संशय आहे.

आणखी एक. पहिल्या फेरीनंतर शेजारच्या मुलाने मनीला तापाची अर्धी गोळी भरवली होती. तिने ती थुंकली म्हणून वाचली. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. त्याने मांजराचं रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, आणि एवढीशी गोळीही पुरते. जनावरांवर गोचिडांसाठी फवारतो त्यातली काही औषधंही मांजराला मारतात. म्हशीवर फवारलं की ते वाळेपर्यंत मांजर गोठ्याबाहेर ठेवा.

जवळपास मांजर तपासणारं कोणी नसेल, तर १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल-फ्री क्रमांक आहे. त्यांचं फिरतं पथक मुख्यतः गुराढोरांसाठी असतं, पण मांजर कुठे न्यावं हे विचारायला हरकत नाही. शिरवळ, परळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या दवाखान्यांत लहान जनावरंही पाहतात. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा.

आपल्याकडे म्हणतात, मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं. त्या भीतीने कोणी मारत नाही, हे चांगलंच. पण तीच मनी कोपऱ्यात तीन महिने वाळत होती, तेव्हा त्या म्हणीचा तिला काही उपयोग झाला नव्हता.

मनी भाद्रपदापासून चैत्रापर्यंत जगली. थंडीत तर तिने एक उंदीरही धरला, आजींनी तो आम्हाला दाखवायला ठेवला होता. गेली ती घरीच, गोधडीवर, आजी शेजारी असताना. त्यानंतरही आजींनी हप्ते चुकवले नाहीत. शेवटचा हप्ता आषाढातल्या बैठकीत भरला.

कॅरेटची जोडी आता गटाच्या कपाटावर असते. परवा दुसऱ्या गटातली एक ताई रात्री आठला पळत आली. तिचा बोका सारखा लघवीला बसत होता आणि थेंबही पडत नव्हता. बोक्याची लघवी तुंबली तर सकाळची वाट पाहायची नसते, एक-दोन दिवसांत जीव जातो. पाच दिवसांची तयारी तिथे कुठली. टॉवेल, मागची बाजू आधी, वरून चादर, आणि सव्वाआठला त्या दोघी जीपमध्ये बसल्या.