हातघाईचे डाव

फासे आणि कागद यांवर अद्भुत जगं उभी करणारी आपण माणसं. आज मी त्या जगांतल्या एकाबद्दलच बोलणार आहे: शस्त्र घेऊन सर्वांत पुढे उभ्या राहणाऱ्या योद्ध्याबद्दल.

काही महिन्यांपूर्वी एका टेबलापाशी मी खेळ पाहत होतो. जादूगार झालेला मुलगा पाळी येण्याआधीपासून पानं चाळत होता. आग टाकू, की वाट अडवू, की शत्रूला झोपवू? मग योद्धा झालेल्या मुलीची पाळी आली. ‘मारते,’ ती म्हणाली. वीस बाजूंच्या फाशावर ७ पडले, वार हुकला. दहा सेकंदांत तिचा खेळ संपला. तिच्या पात्राचं बळ कमी नव्हतं. तिला ठरवण्यासारखंच काही नव्हतं.

हे दुखणं जुनं आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला, तो युद्धखेळांच्या पोटातून. जादूगाराला मंत्रांची यादी मिळाली, योद्ध्याला वार मिळाला. २००८च्या चौथ्या आवृत्तीने सगळ्याच पात्रांना डाव दिले: काही केव्हाही, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. त्यातला योद्धा शत्रूला हेरून ठेवी. मला सोडून दुसऱ्यावर वार केलास तर तुझ्या फाशातून २ वजा. पुढे उभं राहण्याला या एका नियमाने अर्थ दिला. पण सगळ्यांचा साचा एकच झाल्यामुळे तलवार आणि मंत्र सारखेच वाटतात, ही खेळाडूंची तक्रारही रास्त होती.

आता एक डाव तपासून पाहू. २०१४च्या आवृत्तीतला ‘ग्रेट वेपन मास्टर’: अवजड शस्त्राने मारताना फाशातून ५ वजा करा, वार लागला तर इजा १०ने वाढवा. समजा, फाशात मिळवायचे ५ आणि सरासरी इजा १०. शत्रूचं कवच, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, १८ असेल, तर साध्या वाराची सरासरी ४ येते, जोखमीच्या वाराची ३. कवच १२ असेल, तर ७ आणि ९. म्हणजे शत्रू पाहून ठरवावं लागतं. डाव चांगला आहे. पण दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची सवलत मिळाली, की चित्र पालटतं. कवच १५ असताना अर्ध्याचा असलेला फरक दोनच्या वर जातो. म्हणून डाव कधी एकटा तपासू नये, त्याच्या सोबत्यांसह तपासावा. २०२४च्या सुधारणेत ही वजाबाकी गेली, आणि शस्त्रांना ढकलण्याचे, पाडण्याचे, वेग कमी करण्याचे गुण मिळाले. ही दिशा मला योग्य वाटते.

डाव रचण्याच्या शास्त्राचे शब्द आपल्या तालमीत तयार आहेत. तिथे डावाबरोबर त्याची तोडही शिकवतात. पट काढायला, म्हणजे पाय धरायला, खाली जाणारा मल्ल आपली पाठ समोरच्यापुढे उघडी करतो. डावाची किंमत डावातच असते. ज्या डावाला तोड नाही, तो दुसऱ्या सगळ्या डावांना निरुपयोगी करतो.

हे मी चुका करत शिकलो. माझ्या पहिल्या खेळात पाय अडकवून पाडण्याचा डाव फुकट होता. राक्षस लढाईभर जमिनीवरच असे. मग मी तो दिवसातून एकदाच ठेवला, तर खेळाडू तो जपून ठेवत आणि वापरतच नसत. शेवटी नियम केला: डाव फसला, तर शत्रूला तुमच्यावर एक वार मिळेल.

तोच नियम मी त्या मुलीच्या टेबलावर नेला. तिची पाळी आली. तिने फासा उचलला, पण टाकला नाही. राक्षसाकडे पाहिलं, मागे जखमी पडलेल्या सोबत्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘पाडू का याला?’ सगळं टेबल पुढे सरकलं.

मित्रहो, डाव लिहिताना इजेचा हिशेब जरूर करा. पण फासा हातात थांबतो, तो क्षणही मोजा. योद्ध्याला तो क्षण मिळवून देणं, हे आपलं काम आहे.