हाडांची मापं आणि माणसाचं मोल

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण २०६ हाडं असतात. राजाच्या अंगात तेवढीच आणि हमालाच्याही. पण सगळ्यांची हाडं एकसारखी नसतात.

हाडं बाईची की पुरुषाची, हे ओळखायला तज्ज्ञ आधी कमरेचा भाग बघतात. बाळाला वाट हवी म्हणून बाईचं कटिर रुंद, पुढच्या हाडांमधला कोन मोकळा. पुरुषाच्या कवटीत भुवईवरचा उंचवटा आणि कानामागचं हाड बहुधा ठसठशीत. यातलं ‘बहुधा’ विसरायचं नाही. थोराड हाडाच्या बायका असतात, नाजूक बांध्याचे पुरुष असतात. वयात न आलेल्या मुलांच्या बाबतीत तर हे सांगणं फार अवघड.

मुलुखाप्रमाणेही फरक पडतो. कडक थंडीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांचे हातपाय तुलनेनं आखूड, धड रुंद. उष्ण, कोरड्या प्रदेशात हातपाय लांबसडक. त्यात खाण्यापिण्याची आणि कष्टांची भर. मांडीच्या हाडावरून उंची काढायची प्रसिद्ध सूत्रं ट्रॉटर आणि ग्लेसर या दोघींनी १९५२ मध्ये अमेरिकन सांगाड्यांवरून बांधली. ती आपल्याकडे जशीच्या तशी लावली, तर उत्तर चुकू शकतं. एकाच्या मापाचा सदरा दुसऱ्याला नीट कसा बसेल?

इथवर ठीक. घोटाळा होतो तो मापाला मोल चिकटवलं की.

१९२७ मध्ये बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानववंशशास्त्राची संस्था सुरू झाली. आपल्या इरावती कर्वे विशीत तिथं शिकायला गेल्या. युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजू अधिक असमान, म्हणून त्याची तर्कबुद्धी वरचढ, अशी गुरूंची कल्पना. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून आणलेल्याही होत्या. असमानता सगळ्यांतच निघाली. वंशाशी तिचा संबंध दिसला नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, गुरूंच्या मताविरुद्ध त्यांनी तसं लिहून दिलं. १९३३ मध्ये त्याच देशात नाझी सत्तेवर आले आणि वंशाच्या मोजमापाची किंमत लाखोंनी जिवानं मोजली.

पुढं १९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन यांनी आनुवंशिक फरकांचा हिशेब मांडला. माणसामाणसांतला सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत सापडतो. म्हणजे जवळजवळ दूरच्या परक्याइतकाच शेजारीही आपल्याहून वेगळा!

माझं नाव ऐकून काही जण विचारतात, ‘‘तुम्ही मूळचे कुठले?’’ मी गाव, तालुका, जिल्हा सांगतो. ‘‘तसं नव्हे हो, मूळचे?’’ आता याहून मूळ मी कुठून आणू?

लहानपणी उपासमार झाली, तर दातांवर रेघा उमटतात. आयुष्यभर ओझी वाहिली, तर मणके झिजतात. हाडं एवढं प्रामाणिकपणे सांगतात. तो माणूस कुठल्या भाषेत रडला, कुणाच्या नावानं हात जोडले किंवा पसरले, हे मात्र सांगत नाहीत. ते जिवंतपणीच विचारावं लागतं, आणि सांगितलेलं खरं मानावं लागतं.