हत्तीरोगाची चाचणी व आपले कर्तव्य



नांदेड व लातूर हे दोन्ही जिल्हे हत्तीरोगग्रस्त म्हणून नोंदले गेले. या रोगाचा कृमी क्युलेक्स डासांमार्फत पसरतो. सामूहिक औषधोपचारानंतर प्रसार खरोखर थांबला काय, हे पाहण्यासाठी 6-7 वर्षांच्या मुलांच्या रक्ताचा थेंब पट्टीवर तपासतात; इतक्या लहान वयात कृमीचा अंश आढळल्यास लागण अलीकडची ठरते.

रोग विरळ झाला की चाचणीचा अर्थही पालटतो. समजा, 1000 मुलांत 2 बाधित आहेत आणि पट्टी दर 100 निरोगी मुलांत एकास चुकीने बाधित दाखविते. मग बाधित ठरलेल्या सुमारे 12 मुलांपैकी 10 निरोगीच असतील! म्हणून रेघ उमटताच घाबरू नये, फेरतपासणी करवावी. उरलेल्या दोघांस वेळीच औषध मिळणे, हेच या खटाटोपाचे फळ होय.

हा रोग वंशपरंपरागत नव्हे. तेव्हा सोयरीक मोडेल या भयाने मुलांस दडवू नये, आणि कोणाच्या घरची पट्टी आपण विवाहाच्या बोलण्यात आणू नये, अशी आमची नम्र विनंती आहे.