विष मातीतच राहू द्या
(मुलुंड येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



शिसं, कॅडमियम, जस्त, तांबं ही नावं तुम्हांला शाळेपासून ठाऊक आहेत, त्यामुळे जड धातू म्हणजे काय यात वेळ घालवत नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती पटवूनच मी घरी जाणार आहे. ‘झाडं लावा, ती जमिनीतलं विष शोषून घेतील’ असं आपण भिंतीभिंतीवर वाचतो. पण शोषलेलं विष जातं कुठे? कॅडमियम आणि जस्त पानांत चढतात. पान गळतं, पाचोळा कुजतो आणि धातू वरच्या मातीत परत येतो, जिथे मुलं खेळतात. धातू कुजत नाही. आपल्या देशात शिशाचं पेट्रोल 2000 साली बंद झालं. पण त्याआधी हमरस्त्यांकडेच्या मातीत जे शिसं बसलं, ते आपोआप नाहीसं होत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की विष मातीतच राहू द्या. फक्त ते हलणार नाही याची तजवीज करा. आणि ही तजवीज झाडाच्या मुळांतली बुरशी उत्तम करते.

ही बुरशी पाहायची असेल तर करंजाचं बारीक मूळ पोटॅशच्या द्रावणात उकळा, ट्रायपॅन ब्ल्यूने रंगवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरा. मुळाच्या पेशीत निळं झुडूप दिसतं. खोड, फांद्या, डहाळ्या सगळं. ही बुरशी. पेशीत तिची देवघेव चालते: झाडाकडून साखर घ्यायची, झाडाला फॉस्फरस द्यायचा. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रांक यांनी 1885 साली अशा जोडीला ‘मायकोरायझा’ हे नाव दिलं. जोडी मात्र त्याहून फार जुनी; स्कॉटलंडमधल्या रायनी गावच्या सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत ती सापडते. वड, पिंपळ, गुलमोहर, कडुनिंब, आपली बहुतेक झाडं या बुरशीशी बांधलेली आहेत.

आता धातूंकडे. ही बुरशी सोसायटीच्या चांगल्या वॉचमनसारखी आहे. माती गरीब असेल तर जस्त आणि तांबं, जे झाडाला थोडं लागतंच, ते ती लांबून शोधून आत आणते. तेच धातू बेसुमार झाले की ती दारात अडवते. तिच्या भिंतीतल्या कायटिनला धातू चिकटतो, काही तिच्या पेशीतल्या पोकळ्यांत कोंडला जातो, काही मातीतच बांधून पडतो. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या संशोधकांनी 1981 साली हीदर या झुडपावर हे दाखवून दिलं. बुरशी असलेली रोपं तांब्या-जस्ताच्या मातीतही वाढली आणि त्यांच्या फांद्यापानांत धातू कमी चढला. सगळ्या बुरशा सगळ्या झाडांशी असंच वागतात असं नाही. विलो, पॉपलरसारख्या झाडांत काही बुरशांमुळे पानांतलं कॅडमियम वाढल्याचंही दिसलं आहे. म्हणून जागा, झाड आणि बुरशी तिन्ही पाहूनच ठरवायचं.

मूळबुरशीचा असा उपयोग फक्त परदेशातच होतो असं समजू नका. नागपूर जिल्ह्यात, सावनेर तालुक्यात, गुमगावला मँगनीजची खाण आहे. खाणीतून निघालेल्या दगडमातीच्या ढिगांत सेंद्रिय अंश जवळजवळ नव्हता आणि मँगनीज भरपूर होतं. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेतल्या आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे साखर कारखान्यातला प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरणारा गाळ, घातला, मूळबुरशी आणि नत्र स्थिर करणारे जिवाणू दिले आणि साग, शिसू, कडुनिंब अशी झाडं लावली. उघड्या ढिगांवर झाडी उभी राहिली. खड्डे खणणं आणि रोपं लावणं सगळेच करतात. इथे आधी माती जिवंत केली गेली, मग झाड लावलं.

आता पालकाबद्दल बोलतो, कारण पुढच्या रांगेतल्या काकू मघापासून विचारायच्या बेतात आहेत. (हशा) रेल्वेमार्गाच्या कडेला सांडपाण्यावर पालक, माठ, मुळा पिकताना आपण लोकलमधून पाहत आलो आहोत. मंडळी, नेमक्या या भाज्यांना मूळबुरशी सहसा जडतच नाही. पालक आणि माठ एका कुळातले, मुळा आणि मोहरी दुसऱ्या कुळातले. या दोन्ही कुळांनी बहुतांशी ही मैत्री सोडली आहे. म्हणजे सांडपाण्याच्या मातीत आपण नेमकी अशी भाजी लावतो, जिच्या दारात पहाराच नाही, आणि तिचं पानच खातो. हा माझ्या मते उपनगरांतला फार दुर्लक्षित प्रश्न आहे. मी पिकवणाऱ्या गरीब माणसाला दोष देत नाही. त्याला स्वच्छ पाणी आणि तपासलेली जमीन मिळाली पाहिजे, आणि ती देणं हे आपलं सगळ्यांचं काम आहे. यावर बोलावं तेवढं थोडं…

 

श्रोत्यांच्या चिठ्ठ्यांत एक प्रश्न आहे: सोसायटीतले आंबे खायचे का? जरूर खा. साधारणपणे धातू मुळांत जास्त राहतो, फळात सगळ्यांत कमी पोचतो. वरची धूळ धुऊन टाका. दुसऱ्या चिठ्ठीत म्हटलंय, मी वृक्षारोपणाला विरोध करतो. मुळीच नाही. पण खोडाभोवती गच्च पेव्हर ब्लॉक, दर पावसाळ्यात ओंजळीने फॉस्फेट खत आणि सारखी खणाखणी यांनी बुरशी मरते किंवा मुळांत शिरतच नाही. असं लावलेलं झाड मोजता येतं. त्याला जगवणं जमत नाही, याचं मला दुःख आहे.

आता मुलुंडपुरतं बोलून संपवतो. हरिओमनगरजवळचं आपलं डम्पिंग ग्राउंड 2018 साली बंद झालं. सुमारे 24 हेक्टर जागा, त्यावर तेव्हा सुमारे 70 लाख टन जुना कचरा होता. तो उपसला गेला तरी खालच्या मातीत बॅटऱ्यांचं आणि रंगांचं शिसं-कॅडमियम राहण्याची शक्यता उरतेच. तिथे उद्यान करायचं म्हणून कोणी रोपांचा आकडा सांगायला आलं, तर महापालिकेकडे आधी मातीचा अहवाल मागा. शिसं किती, कॅडमियम किती, किती खोलीवर, हे विचारा. मग करंज, कडुनिंब, शिसू अशी झाडं मूळबुरशीसह लावायला सांगा, खाली पडणारा पाला तपासायला सांगा आणि भाजीचे वाफे तिथे करू देऊ नका. वॉर्ड कार्यालयात असा अर्ज द्यायला तुमच्यापैकी जे येतील त्यांनी बाहेर जाताना टेबलावरच्या वहीत नाव लिहावं.